तुझी जोडी कुठे आहे?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना पुण्याची कंपनी, तिथलं पद वगैरे बरंच काही सांगितलं गेलं. ते ऐकून मागच्या रांगेतले दोघं हसले, ते मी पाहिलंय. हसणं बरोबरच आहे. ज्यांनी मला भूमितीच्या तासाला बाकावर उभं राहिलेलं पाहिलं, त्यांच्यापुढे पदाचं काय कौतुक! सकाळी नागपूरहून येताना जामच्या चौरस्त्यावर उतरले. एकीकडे हैदराबादचा रस्ता, एकीकडे चंद्रपूरचा, मधे ट्रकांची रांग आणि चहाचा वास. पुण्यातली मॅडम तिथेच उतरली, आणि तुमची वर्गमैत्रीण पायी शाळेत आली.

मेळाव्यात कशावर बोलणार, असं संयोजकांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, बायांच्या आरोग्य तपासणीवर. तिकडून उत्तर आलं, "अवं, इतक्या वर्षांनी भेटून राहिलो, त्यात दवाखाना कायले आणतं? एखादं गाणं म्हण ना!" गाणं मी जेवणानंतर म्हणेन. आधी दहा-पंधरा मिनिटं द्या. सर लोकांसमोर काही गोष्टी मोकळेपणाने बोलाव्या लागतील, त्याबद्दल आधीच माफी मागते.

तुम्हाला आठवीतली गिरडची सहल आठवते? एसटीतून उतरल्याबरोबर सरांनी सगळ्यांना जोड्या लावायला सांगितल्या. ज्याने त्याने आपल्या जोडीचा हात धरायचा आणि परत गाडीत बसेपर्यंत सोडायचा नाही. आम्ही टेकडी चढलो, दर्ग्यापाशी गेलो, तिथले ते गोल गोल दगड फ्रॉकच्या खिशात भरले. सर मधेमधे थांबायचे, पण पट मोजायचे नाहीत. समोर दिसेल त्याला एकच प्रश्न विचारायचे, "तुझी जोडी कुठे आहे?" एवढ्यावर पन्नास पोरं सुखरूप परत आली.

माझी जोडी आज या मंडपात नाही. सुरुवातीला आपण उभं राहून ज्यांना श्रद्धांजली वाहिली, त्यांत ती होती. तिचं नाव मी घेत नाही, तुम्ही सगळे ओळखताच. तिच्या घरच्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. तिची लेक म्हणाली, "मावशी, सांगा. कोणाच्या तरी कामी येईल."

दहावीनंतर मी सेवाग्रामला अभियांत्रिकी करायला गेले, ती लग्न होऊन हिंगणघाटकडे गेली. फोनवर आम्ही बोलायचो. सासरचं किराणा दुकान तीच सांभाळायची. सकाळी पाचला उठणं, स्वयंपाक, पोरांचे डबे, दुकान, सासूबाईंची औषधं, आणि वेचणीच्या दिवसांत शेतातही जायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, "पाळी संपल्यावरही मधेच डाग लागते वं. कधी कधी जवळ आल्यावर जास्तच जाते. काय असंन?" मी तेव्हा एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये जात होते. मी म्हटलं, "चाळिशी आली आपली. पाळी जायच्या आधी असं होतंच. लोहाच्या गोळ्या घे आणि थोडा आराम कर."

मी डॉक्टर नाही. तरी पुण्याला राहते, इंजिनिअर आहे, म्हणून तिने माझं ऐकलं. आठ महिन्यांनी ती दवाखान्यात गेली तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात पोचला होता. शेक दिले, औषधं झाली. दीड वर्षाने ती गेली. लेक तेव्हा बारावीत होती.

त्या गोळ्यांचा सल्ला माझ्या मनातून जात नाही. जाऊही नये.

तिच्या चौदावीहून पुण्याला परतले आणि ऑफिसची मेल उघडली. वार्षिक आरोग्य तपासणीची मुदत संपत आल्याची आठवण त्यात आली होती. ही तपासणी कंपनी दर वर्षी फुकट देते. मी मागे जाऊन पाहिलं. पाच वर्षांत मी ती एकदाही करून घेतली नव्हती. दोन वर्षं सासू-सासऱ्यांची करवली, त्यांची फाइल अजून कपाटात आहे. माझ्या नावाची फाइलच नाही. माझं काम काय, तर मोठमोठ्या यंत्रणा बंद पडायच्या आधी कुठे बिघाड होतो आहे ते शोधणं. कोणी पोरगा चाचणी न करता काम पुढे ढकलतो म्हणाला, तर त्याला मी सगळ्यांसमोर झापते. आणि स्वतःच्या शरीराची पाच वर्षांत एकही चाचणी नाही!

गेले. रक्तदाब १५० वर ९६ निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, काहीच नव्हतं. मग मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना सांगून एचपीव्हीची तपासणी करून घेतली. ती कंपनीच्या यादीत नव्हती. रक्तातल्या सत्तर गोष्टी यादीत होत्या, पण ज्या रोगाने माझी मैत्रीण गेली त्याची तपासणी नव्हती. तपासणीत विषाणू निघाला. मग दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा तपासायला पाठवला. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण कर्करोग झाला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला. सकाळी गेले आणि दुपारी घरी येऊन वरणभात जेवले. आता ठरलेल्या मुदतीने पुन्हा तपासून घ्यायचं, बस्स.

माझ्या शरीरात जे सुरू झालं होतं, तेच काही वर्षांपूर्वी तिच्या शरीरात सुरू झालं असणार. तेव्हा तपासलं असतं तर तिलाही दुपारी घरी येऊन जेवता आलं असतं. तिचं दुखणं माझ्यापेक्षा वेगळं नव्हतं. मी वेळेवर गेले, ती गेली नाही, एवढंच. आणि मी वेळेवर गेले तीही तिच्यामुळेच.

त्यानंतर मी या विषयावर वाचत गेले. त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो संबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाच्या वागण्याबद्दल काही म्हणायला जागाच नाही. बहुतेक बायांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात ठाण मांडतो. तिथून कर्करोगापर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. इतकी सवड देणारे आजार थोडे असतात. ही सवड आपण स्वयंपाकात, नोकरीत, वेचणीत आणि पोरांच्या परीक्षांत घालवतो.

तपासणीने खरंच जीव वाचतो का, याचं मोठं उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि कर्करोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत इतर दोन पद्धती, आणि काही गटांत नेहमीसारखंच. आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बाया दगावल्या, नेहमीसारखं ठेवलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बाया आपल्या आयांसारख्याच होत्या, शेतावर जाणाऱ्या, लुगड्यातल्या, दवाखान्याला घाबरणाऱ्या.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली झालेला. तो मला जास्तच जवळचा वाटतो, कारण तिथे तपासणी करणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. एवढ्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मोठमोठ्या यंत्रांशिवाय, दहावी झालेल्या बायांनी हे केलं. सर, आपल्या दहावीची किंमत मला त्या दिवशी नव्याने कळली.

त्याच बायांनी हाताने स्तनांची तपासणीही केली. २० वर्षांच्या त्या कामाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ५० च्या पुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं.

इतकं माहीत असून आपण कुठे आहोत? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी १.९ टक्के बायांनी ही तपासणी कधी ना कधी केली होती. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आपल्या वर्गात २३ मुली होत्या. या हिशेबाने आपल्यातली अर्धी मुलगीसुद्धा भरत नाही! मी आपल्या मुलींच्या गटावर विचारलं. दोघींची तपासणी झाली होती. एक मी, आणि एक आपली परिचारिका मैत्रीण. मग दुसरा प्रश्न टाकला, पोरांची लसीकरणाची कार्डं पूर्ण आहेत का? सगळ्यांची पूर्ण. काहींनी तर लगेच कार्डांचे फोटोच पाठवले. म्हणजे तारखा आपल्याला पाळता येतात. आपण आपल्या नावाची तारीख लिहीत नाही, एवढंच.

का लिहीत नाही, हेही मी विचारलं. उत्तरं जशी आली तशी सांगते.

"वेळ नाही." हे खरं आहे. रोजमजुरीवाल्या बाईचा दवाखान्यात गेलेला दिवस बुडतो. म्हणूनच एका फेरीत जेवढं होईल तेवढं उरकायचं.

"मला तर काही होतच नाही." तपासणी त्याच बाईसाठी असते. काही होत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायचीच नाही. दोन पाळ्यांच्या मधे रक्त, संबंधानंतर रक्त, पाळी कायमची गेल्यावर रक्त, घाण वासाचं पाणी, स्तनात गाठ, तोंडात न भरणारी जखम, यांतलं काहीही असलं तर सरळ डॉक्टरकडे. पुण्याच्या मैत्रिणीला फोन करायचा नाही.

"लाज वाटते." मलाही वाटली. बाई डॉक्टर किंवा परिचारिका मागून घ्या, तो आपला हक्क आहे. आता एचपीव्हीसाठी बाईने स्वतःच नमुना घेण्याची पद्धतही आली आहे. जिथे सोय असेल तिथे विचारा.

"काही निघालं तर?" ही खरी भीती. बाकीची कारणं बरेचदा हिच्याच पदराआड लपतात. त्यावर माझं उत्तर मी वर सांगितलंच. निघालं, आणि मी तुमच्यासमोर उभी आहे.

"पैसे लागतील." शहरातली ऐंशी तपासण्यांची पॅकेजं घ्यायची गरज नाही. सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढच्या प्रत्येक बाईच्या पाच गोष्टी पाहायच्या असतात: रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते तो याचसाठी. तिला "सगळं ठीक आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. तोंडाच्या तपासणीचं आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. खर्रा फक्त माणसंच खातात असं नाही, आणि तंबाखूची मशेरी घासणाऱ्या बाया आपल्या प्रत्येकीच्या घरात होत्या. या पाचांशिवाय हिमोग्लोबिन बघून घ्या. आणि विदर्भात सिकलसेल आहे, तेव्हा पोरींची, पोरांचीही, ती तपासणी लग्नाआधीच करा.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. समुद्रपूरला ग्रामीण रुग्णालय आहे, हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा आणि सावंगीला विनोबा भावे रुग्णालय आहे. कोणती तपासणी कोणत्या वारी होते ते आशाताईला किंवा फोनवर आधी विचारून निघायचं, म्हणजे खेप वाया जात नाही. २०२२ च्या नवरात्रात सरकारने "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" ही मोहीम काढली, तेव्हा १८ वर्षांवरच्या बायांची तपासणी गावोगाव झाली. अशी मोहीम पुन्हा आली तर देवीच्या ओटीआधी तिथे जा. देवी रागावणार नाही.

सेवाग्रामला शिकत असताना मी रोज कस्तुरबाजवळून जायचे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, देशातलं खेड्यातलं पहिलं, एवढं ठाऊक होतं. ज्वारीची गोष्ट मला पुढे कळली. आसपासच्या गावांतले लोक सुगी झाली की ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायचे, आणि त्यावर वर्षभर उपचाराची सोय व्हायची. दुखणं अंगात नसताना आधीच ज्वारी द्यायची. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या पेरणीचं बी तो घरातलं धान्य संपत आलं तरी वेगळं ठेवतो. आपली तपासणी म्हणजे तसंच वेगळं ठेवलेलं बी आहे. ते घरच्यांच्याच कामाचं आहे.

आता माझी मागणी. दारापाशी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपल्या २२ मुलींची नावं मी लिहून आणली आहेत, दोन-दोन, सहलीसारखी. जिला जोडी बदलायची असेल तिने बदलावी, जुनी भांडणं मला ठाऊक आहेत! मे महिना आहे. पेरणीला अवकाश आहे, शाळेला सुट्टी आहे. मृग लागायच्या आत प्रत्येक जोडीने एक दिवस ठरवायचा आणि दोघींनी मिळून जायचं. एकटी बाई दवाखान्याची तारीख पुढे ढकलते. दुसरी बसथांब्यावर उभी असली की तिला ढकलता येत नाही. तपासणी झाली की वहीतल्या नावापुढे आपल्या गटावर फक्त "झालं" लिहायचं. काय निघालं ते कोणालाच सांगायचं नाही. आणि काही निघालं, तर पुढच्या खेपेलाही त्याच जोडीने सोबत जायचं. खरं काम तिथूनच सुरू होतं. नुसती तपासणी करून कागद डब्यात ठेवला तर काही उपयोग नाही.

मुलांनो, म्हणजे आता टक्कल पडलेल्या मुलांनो, तुम्हालाही काम आहे. बायकोला "जाऊन ये" म्हणू नका. त्या दिवशी दुकान तुम्ही उघडा, डबे तुम्ही भरा, म्हातारीच्या गोळ्या तुम्ही द्या. आणि तुमचा स्वतःचा रक्तदाब? खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवून माझ्याकडे असं बघू नका.

मॅडम, तुम्ही आमच्या किती जणींचे केस विंचरून, नखं तपासून आम्हाला प्रार्थनेला उभं केलंत. सोमवारी नखं तपासताना तुम्ही कधी विचारलं नाहीत की तुला वेळ आहे का. हात पुढे करायचा, एवढंच. आज आम्ही तुम्हाला तेच म्हणतो. पन्नाशीच्या पुढच्या तुम्हा सगळ्या बाईंनीही वहीत नाव घाला. तुमच्या जोडीला आमच्यातली एक येईल.

माझ्या जोडीची जागा वहीत रिकामी होती. काल तिच्या लेकीचा फोन आला. आता ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "मावशी, तुमच्या जोडीत मी येऊ का?" मी म्हटलं, "बाळा, तुझं तपासणीचं वय अजून झालं नाही. तुझ्यासाठी लस आहे, ती घ्यायची का ते आपण दोघी डॉक्टरांना विचारू." ती म्हणाली, "मग तुमच्या तपासणीला मी सोबत येते." पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे. आम्ही दोघी जाणार आहोत.

सर, तुम्ही आज पुढच्या रांगेत बसला आहात. मेळावा संपून सगळे गाड्यांत बसायला लागले, की तेव्हासारखे फाटकाजवळ उभे राहा. एकेकीला थांबवा आणि तोच प्रश्न विचारा. तुमच्या आवाजाची भीती आम्हाला अजून वाटते.